नोंदीबाहेरची जखम : पनवेल व कोकण किनाऱ्यावरील विषारी सागरी जीवांच्या दंशाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पनवेल हे शहर आज प्रामुख्याने रस्ते, लोहमार्ग आणि वसाहतींचे शहर म्हणून ओळखले जाते. कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ येथूनच सुरू होतो. त्यामुळे पनवेलला 'कोकणचे प्रवेशद्वार' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तथापि रस्त्यांचे जाळे विणले जाण्यापूर्वी पनवेलचे जीवन खाडीशी बांधलेले होते. १८५२ साली नगरपालिका स्थापन झाली तेव्हा पनवेल हे बंदराचे गाव होते. मुंबईशी होणारी मालाची आणि माणसांची ये-जा गलबतांतून होत असे. मीठ, भात, लाकूड आणि मासळी यांचा व्यापार भरती-ओहोटीच्या वेळा पाहून चाले. २०१६ साली पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. या दोन तारखांच्या दरम्यान शहराचे तोंड खाडीकडून महामार्गाकडे वळले. खाडी मात्र जागेवरच राहिली आणि तिच्या चिखलात उतरून पोट भरणारा माणूसही राहिला.

या माणसाच्या व्यवसायातील एका जोखमीचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे. समुद्री सर्पाचा दंश, पाखट माशाच्या शेपटीतील काटा, शिंगाळ्याचा विषारी काटा, जेलीफिशच्या तंतूंचा दाह या इजा कोकण किनाऱ्याला नवीन नाहीत. त्या समुद्राइतक्याच जुन्या आहेत. परंतु त्यांचा इतिहास लिहावयास घेतला असता एक विसंगती प्रकर्षाने जाणवते. या जीवांची नोंद सुमारे दोन हजार वर्षांपासून होत आली, पण त्यांनी जखमी केलेल्या माणसाची नोंद क्वचितच झाली.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. (१) पश्चिम किनाऱ्यावरील विषारी सागरी जीवांच्या उल्लेखांचा कालानुक्रमे आढावा घेणे. (२) ज्या ठिकाणी जखमी व्यक्तीची पद्धतशीर नोंद झाली तेथे उपचारात कोणता बदल घडला, हे पाहणे. (३) या पार्श्वभूमीवर पनवेल आणि रायगड परिसरातील सद्यःस्थितीचा विचार करणे.

नाविकांच्या दृष्टीतील समुद्री सर्प

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील समुद्री सर्पांचा अतिशय प्राचीन लेखी उल्लेख वैद्यकाच्या ग्रंथात नसून व्यापाऱ्याच्या मार्गदर्शिकेत सापडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रंथात कल्याण आणि चौल या बंदरांचे उल्लेख 'कल्लिएना' आणि 'सेमिल्ला' या नावांनी येतात. यांपैकी चौल आजच्या रायगड जिल्ह्यात आहे. याच ग्रंथात भारताचा किनारा जवळ आल्याची खूण म्हणून समुद्रातून वर येणाऱ्या सर्पांचा निर्देश केलेला आहे. कच्छच्या बाजूला ते मोठे आणि काळे, तर भडोचच्या परिसरात लहान, हिरवट व सोनेरी झाक असलेले दिसतात, असा तपशीलही त्यात आढळतो.

ही खूण पुढे अनेक शतके टिकून राहिली. डेन्मार्कच्या राजाने पाठविलेल्या अरबस्तान मोहिमेतील कार्स्टन नीबुर हा प्रवासी १७६३ साली मुंबईस आला. अरबी समुद्रात पाण्याच्या पृष्ठभागावर दिसणारे लहान सर्प म्हणजे हिंदुस्थानचा किनारा जवळ आल्याची खात्रीची निशाणी होय, असे त्यानेही नमूद केले आहे. होकायंत्र आणि नकाशे उपलब्ध असलेल्या काळातही नाविकाला सर्पाची साक्ष उपयोगी वाटत होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

या उल्लेखांमागील दृष्टी स्पष्ट आहे. जहाजाच्या फळीवर उभ्या असलेल्या माणसाला सर्प ही दिशादर्शक खूण वाटते. जाळे ओढणाऱ्या माणसाला तोच सर्प हाताशी आलेला धोका असतो. पहिल्या माणसाने ग्रंथ लिहिले. दुसऱ्याचे ज्ञान बोलण्यातून आणि हाताच्या सवयीतून पुढच्या पिढीकडे गेले.

आयुर्वेदीय परंपरा आणि पनवेल

भारतीय वैद्यक परंपरेने विषाचा विचार अत्यंत बारकाईने केला आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात जंगम विषाची, म्हणजे प्राणिज विषाची, सोळा अधिष्ठाने सांगितली आहेत. दृष्टी, दाढ, नख, लाळ, मूत्र अशा या यादीत अस्थी आणि पित्त यांचाही समावेश आहे. पित्तात विष असणाऱ्यांमध्ये काही माशांची नावे येतात, तर अस्थिविषाच्या गटात माशाच्या हाडाचा निर्देश आहे. विष केवळ दातात नसते, ते प्राण्याच्या अन्य अवयवांतही असू शकते, ही जाणीव यातून दिसते. पाखट किंवा शिंगाळा यांसारख्या काट्यात विष बाळगणाऱ्या माशांचा विचार करताना ही दृष्टी महत्त्वाची ठरते.

तथापि सर्पांच्या बाबतीत सुश्रुताने केलेली विभागणी दर्वीकर, मंडली, राजिमंत, निर्विष आणि वैकरंज अशी आहे. फणा, अंगावरील वर्तुळे, पट्टे आणि संकर या निकषांवर ती आधारलेली असून तिच्यात समुद्री सर्पांसाठी स्वतंत्र गट नाही. शास्त्र ज्या प्रदेशात घडले त्या प्रदेशाचे अनुभव त्यात उतरले, असा याचा अर्थ घेता येईल.

या परंपरेशी पनवेलचे नाते जुने आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली पनवेल येथे श्री धूतपापेश्वर या आयुर्वेदीय औषधनिर्मितीच्या उद्योगाची स्थापना केली. खाडीकाठच्या या गावात शास्त्रोक्त औषधांची संघटित निर्मिती दीडशे वर्षांपूर्वी सुरू झाली. वैद्यकीय ज्ञान आणि समुद्रावर जगणारा समाज एकाच गावात नांदत असतानाही खाडीतील विशिष्ट इजांचा स्वतंत्र ग्रंथरूप अभ्यास उभा राहिला नाही. यात कोणा एकाचा दोष शोधणे उचित होणार नाही. शास्त्री आणि कोळी यांच्यातील सामाजिक अंतर हे त्या काळाचे वास्तव होते, आणि ज्ञानाच्या वाटाही त्या अंतरातूनच जात होत्या.

वसाहतकालीन विज्ञान : नमुना आणि गणना

अठराव्या शतकाच्या अखेरीस समुद्री सर्प नाविकांच्या वहीतून निसर्गशास्त्रज्ञांच्या बरणीत आला. पॅट्रिक रसेल याचा कोरोमंडल किनाऱ्यावरील सर्पांविषयीचा सचित्र ग्रंथ १७९६ साली प्रसिद्ध झाला व त्यात समुद्री सर्पांचीही चित्रे होती. १८७२ साली, म्हणजे पनवेलचा औषध उद्योग ज्या वर्षी सुरू झाला त्याच वर्षी, जोसेफ फेरर याचा 'थॅनॅटोफिडिया ऑफ इंडिया' हा विषारी सर्पांवरील भव्य ग्रंथ लंडनमध्ये प्रकाशित झाला. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. फ्रँक वॉल याने १९०९ मध्ये आणि माल्कम स्मिथ याने १९२६ मध्ये समुद्री सर्पांवर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केले. खवल्यांची संख्या, शेपटीचा आकार, दातांची रचना यांची चिकित्सा या ग्रंथांत झाली.

याच काळात सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंची गणनाही सुरू झाली. फेररने १८६९ या वर्षासाठी बंगाल इलाखा व अन्य काही प्रांतांतून मिळालेल्या माहितीच्या आधारे ११,४१६ मृत्यूंचा आकडा मांडला. पोलीस व महसूल खात्यांकडून सर्पदंशाचे आकडे मागविले जाऊ लागले. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्यास बक्षीस देण्याचे प्रयोगही झाले. म्हणजे शेतात, वाटेवर अथवा घरात झालेला दंश सरकारदरबारी दिसू लागला. समुद्रावर झालेला दंश मात्र या गणनेत वेगळा ओळखला गेला नाही. बुडून मेलेला, आजाराने मेलेला आणि दंशाने मेलेला मच्छीमार यांत भेद करण्याची सोय गावपातळीवरील नोंदीत नव्हती.

प्रतिसर्पविषाच्या निर्मितीतही हाच कल पुढे चालू राहिला. १८९९ पासून परळ येथे असलेल्या आणि १९२५ साली हाफकिन हे नाव धारण केलेल्या संस्थेने लस व प्रतिविष निर्मितीत मोलाची कामगिरी केली. भारतात तयार होणारे बहुगुणी प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सर्पांच्या विषावर आधारलेले आहे. देशातील बहुसंख्य मृत्यू या चौघांमुळे होतात, म्हणून ही निवड योग्यच होती. परंतु समुद्री सर्पाच्या विषावर हे औषध उपयुक्त मानले जात नाही. गणनेतून सुटलेला दंश औषधनिर्मितीतूनही सुटला, असे येथे म्हणावे लागते.

कोकण किनाऱ्यावरील प्रमुख विषारी जीव

पुढील विवेचनासाठी या जीवांचे स्वरूप थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

समुद्री सर्प : वल्ह्यासारखी चपटी शेपटी ही यांची ठळक ओळख होय. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या जाळ्यांत प्रामुख्याने आढळणाऱ्या जातींमध्ये 'हायड्रोफिस शिस्टोसस' आणि 'हायड्रोफिस कर्टस' यांचा समावेश होतो. पहिली जात खाडीमुखाच्या गढूळ पाण्यातही वावरते. दंश बहुधा जाळे ओढताना किंवा मासळी निवडताना होतो. दात लहान असल्याने वेदना फारशी जाणवत नाही व सूजही येत नाही. पुष्कळ दंशांत विष शरीरात शिरतच नाही. ते शिरल्यास मात्र काही वेळाने स्नायू दुखू लागतात, मान व जबडा आखडतो, लघवी गडद तपकिरी होते. स्नायूंच्या पेशी फुटून त्यातील द्रव्ये रक्तात मिसळल्याने मूत्रपिंड व हृदय यांना धोका पोहोचतो. आरंभीची ही फसवी शांतता हाच या दंशाचा सर्वांत घातक भाग होय.

पाखट : हा चपटा मासा उथळ पाण्यात वाळूखाली किंवा चिखलात दडून बसतो. पाय पडताच तो शेपटी उसळवितो. शेपटीवरील करवतीसारखा दातेरी काटा मांसात शिरतो व विषामुळे तीव्र वेदना होतात. काट्याचा तुकडा आत राहिल्यास जखम चिघळते. ऑस्ट्रेलियाचे प्रसिद्ध प्राणिप्रेमी स्टीव्ह आयर्विन यांचा ४ सप्टेंबर २००६ रोजी झालेला मृत्यू पाखटाचा काटा छातीत घुसल्याने झाला. असे मृत्यू दुर्मीळ असले तरी पायाच्या जखमा सर्वत्र होतात.

शिंगाळा : पाठीवरील व दोन्ही बाजूंच्या परांतील ताठ काटे हे त्याचे शस्त्र आहे. मासा जाळ्यातून सोडविताना काटा बोटात किंवा तळहातात घुसतो. अनुभवी मच्छीमार शिंगाळा हाती येताच त्याचे काटे मोडून टाकतात, ते याचसाठी.

जेलीफिश व तत्सम जीव : यांच्या तंतूंवर सूक्ष्म दंशपेशी असतात. स्पर्श होताच त्यांतून विषाची बारीक नळी त्वचेत शिरते. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येणारा निळसर फुग्यासारखा 'ब्लूबॉटल' हा जीव शास्त्रीयदृष्ट्या खरा जेलीफिश नसून अनेक सूक्ष्म घटकांची वसाहत आहे. वाळूवर पडून मेल्यासारखा दिसला तरी त्याचे तंतू दाह करू शकतात.

केंड : हा मासा दंश करून विष टोचत नाही, परंतु त्याच्या अनेक जातींच्या यकृतात व अंडाशयात असलेले विष शिजविल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून तो खाण्यास धोकादायक ठरतो. सुश्रुताच्या यादीतील अवयवगत विषाची कल्पना येथे सहज आठवते.

जखमी माणसाची नोंद : तीन उदाहरणे

जीवाच्या नोंदीकडून जखमी माणसाच्या नोंदीकडे वैद्यकशास्त्र वळले तेव्हा काय घडले, हे पाहण्यासाठी तीन उदाहरणे उद्बोधक आहेत.

पहिले उदाहरण युरोपातील आहे. १९०१ साली मोनॅकोचा राजा पहिला अल्बर्ट याच्या जहाजावरून शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे शास्त्रज्ञ सागरी मोहिमेवर गेले. ब्लूबॉटलचाच मोठा भाईबंद असलेल्या 'पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर' या जीवाचे विष तपासणे हा त्यांचा एक हेतू होता. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाच्या विषावर कुत्र्यांमध्ये प्रयोग पुढे चालू ठेवले. एकदा अल्प मात्रा सोसलेला प्राणी काही आठवड्यांनी तितक्याच किंवा त्याहून कमी मात्रेने तत्काळ दगावतो, असे त्यांना १९०२ मध्ये आढळले. या अवस्थेला त्यांनी 'ॲनाफिलॅक्सिस' हे नाव दिले. १९१३ साली रिशे यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज औषधे, शेंगदाणे किंवा मधमाशी यांच्या तीव्र ॲलर्जीवर जगभर जे तातडीचे उपचार होतात, त्यांमागील आकलनाचा उगम सागरी जीवांच्या विषाच्या अभ्यासात आहे. या उदाहरणात जखमी मच्छीमार नाही, प्रयोगशाळेतील प्राणी आहे. परंतु प्रत्येक प्रतिक्रियेची काटेकोर नोंद ठेवल्यामुळेच अपेक्षेविरुद्ध घडलेली गोष्ट शास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटली नाही.

दुसरे उदाहरण मलायातील पिनांग येथील आहे. ॲलिस्टर रीड या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी तेथील रुग्णालयात येणाऱ्या समुद्री सर्पदंशाच्या शंभराहून अधिक रुग्णांची तपशीलवार नोंद ठेवली. कोकणात आढळणाऱ्या 'हायड्रोफिस शिस्टोसस' याच जातीचा दंश तेथेही सर्वाधिक गंभीर ठरत होता आणि रुग्णांत मच्छीमारांचा भरणा होता. या विषाचा माणसावरील मुख्य परिणाम स्नायूंचा नाश हा असतो, हे रीड यांच्या रुग्णनोंदींतून स्पष्ट झाले. पिनांगच्या परिसरातील सर्पांच्या विषाचा उपयोग करून ऑस्ट्रेलियातील कॉमनवेल्थ सिरम लॅबोरेटरीजने समुद्री सर्पावरील प्रतिविष तयार केले. कोळ्याच्या हातावरील दोन बारीक खुणांपासून प्रतिविषापर्यंतचा हा प्रवास एका रुग्णालयाच्या नोंदवहीमुळे शक्य झाला.

तिसरे उदाहरण रायगड जिल्ह्यातीलच आहे आणि ते जमिनीवरील आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात व नंतर महाड येथे लाल विंचवाच्या दंशाच्या रुग्णांचा अभ्यास केला. विंचू चावलेली मुले व तरुण शेतमजूर हृदय व फुप्फुसावरील परिणामांमुळे दगावत असत. डॉ. बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपला. त्यांचे निष्कर्ष १९८२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे प्राझोसिन या साध्या व स्वस्त औषधाचा त्यांनी केलेला उपयोग १९८६ मध्ये त्याच नियतकालिकातून जगापुढे आला. मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर घटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

बिरवाडीचे आरोग्य केंद्र ही काही सुसज्ज संशोधन संस्था नव्हती. तेथे रुग्ण होते, निरीक्षण होते आणि नोंद होती. पनवेल, उरण, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या किनारी तालुक्यांतील आरोग्य केंद्रांतही रुग्ण येतात आणि डॉक्टर असतात. म्हणून विंचवाच्या बाबतीत जे या जिल्ह्यात घडले ते सागरी जीवांच्या बाबतीत घडणे अशक्यप्राय मानण्याचे कारण नाही.

चौपाटीवरील दंश आणि खाडीतील दंश

गेल्या काही वर्षांत या विषयाला प्रसिद्धी मिळाली ती मुंबई व गोव्यातील घटनांमुळे. सप्टेंबर २०१३ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना पाखटांनी जखमी केले. त्यानंतर विसर्जनापूर्वी सूचना देण्याची, तसेच पाण्यात पाय न उचलता वाळूवरून सरपटत नेण्याच्या सल्ल्याची पद्धत रूढ झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर दोन दिवसांत सुमारे दीडशे जणांना ब्लूबॉटलचा दाह झाल्याचे वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केले. नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्यात दोन दिवसांत नव्वदहून अधिक पर्यटकांवर जेलीफिशच्या दाहासाठी प्रथमोपचार करावे लागल्याचे तेथील जीवरक्षक सेवेने कळविले.

या घटनांचे वैशिष्ट्य असे की, जखमी व्यक्ती भाविक किंवा पर्यटक होत्या, घटना एका ठिकाणी एका वेळी घडल्या आणि तेथे प्रसिद्धिमाध्यमे व शासकीय यंत्रणा उपस्थित होत्या. खाडीतील दंश याच्या नेमका उलट असतो. तो एकट्यादुकट्याला होतो. पाग टाकणारा पुरुष, चिखलात निवट्या व चिंबोऱ्या पकडणारी किंवा खडकावरील कालवे काढणारी स्त्री यांना काटा लागला तरी त्या दिवशीचे काम सहसा थांबत नाही. जखम बांधली जाते, शेकली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरावे लागते. बाजारात मासळी विकणाऱ्या स्त्रीच्या हातावरील चिघळलेली जखम ही व्यवसायजन्य इजा आहे, हे तिलाही कोणी सांगितलेले नसते.

येथे लोकोपचाराविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. शेक देण्याची रीत अनेक मच्छीमार समाजांत आढळते व तिच्याकडे पूर्वी अडाणीपणा म्हणून पाहिले गेले. पाखट व शिंगाळा यांच्या विषातील वेदनाकारक घटक उष्णतेने निष्प्रभ होतात, हे आता मान्य झाले आहे. सोसवेल इतक्या, म्हणजे सुमारे ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या, गरम पाण्यात जखमी भाग ३० ते ९० मिनिटे बुडविणे हा वैद्यकीय सल्ल्याचा भाग आहे. ऑस्ट्रेलियात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ब्लूबॉटलच्या दाहावर गरम पाणी आणि बर्फ यांची तुलना करण्यात आली. २० मिनिटांनंतर गरम पाण्याच्या गटातील ८७ टक्के, तर बर्फाच्या गटातील ३३ टक्के रुग्णांची वेदना कमी झाली होती. मात्र सर्वच लोकोपचार हितकारक नसतात. दंशाच्या जागी चिरा देणे, आवळून दोरी बांधणे, मांत्रिकाकडे वेळ घालविणे हे समुद्री सर्पदंशात प्राणघातक ठरू शकते. उपयुक्त रीत कोणती व अपायकारक कोणती, हे ठरविण्यासाठीही पुन्हा नोंदीचीच गरज आहे.

बदलती खाडी

पनवेलच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक परिमाण आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली व नवी मुंबईच्या उभारणीस आरंभ झाला. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला आणि पनवेल-मुंबई प्रवासातील जलमार्गाचे महत्त्व ओसरले. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली कार्यान्वित झाले. त्यापूर्वी मूळ शेवा कोळीवाड्याचे विस्थापन झाले. भराव, बंदरे, उद्योग व वसाहती यांमुळे मासेमारीचे पारंपरिक टापू आक्रसले. ज्याची होडी समुद्रात जाऊ शकत नाही तो उरलेल्या उथळ चिखलात अधिक वेळ घालवितो, आणि पाखट व शिंगाळा यांचा वावरही त्याच पाण्यात असतो. सांडपाण्याने दूषित झालेल्या चिखलात काट्याची साधी जखमही लवकर चिघळते. म्हणून या इजांकडे केवळ प्राणिशास्त्राचा विषय म्हणून पाहणे अपुरे आहे. किनाऱ्याच्या आर्थिक इतिहासाशीही त्यांचा संबंध आहे.

नोंदीची सोय आणि तिचा वापर

नोंद करण्यासाठी लागणारी चौकट अस्तित्वात नाही, असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, जी १९९० साली स्वीकारली गेली, विषारी प्राण्यांच्या संपर्काने होणाऱ्या परिणामांसाठी 'टी-६३' हा स्वतंत्र गट आहे. त्यात सर्पविषाच्या उपगटात समुद्री सर्पाचा समावेश असून मासे आणि जेलीफिशसारखे अन्य सागरी प्राणी यांना वेगवेगळे उपगट दिलेले आहेत. केसपेपरवर 'किडा चावला' किंवा 'पायाला जखम' एवढेच लिहिले गेल्यास या चौकटीचा उपयोग होत नाही. 'कशाने' आणि 'कोणते काम करताना' हे दोन शब्द वाढविले तर तीच नोंद संशोधनाचे साधन बनते.

२०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत स्थान दिले. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशविषयक राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्याची सूचना राज्यांना केली. किनारी जिल्ह्यांच्या दृष्टीने ही ऐतिहासिक संधी आहे. १८६९च्या गणनेत जे सुटले ते या गणनेत सुटू नये, यासाठी किनारी तालुक्यांतील नोंदपत्रकात समुद्री सर्पाचा वेगळा रकाना असणे अगत्याचे आहे.

महाविद्यालयांनाही या कामात वाटा उचलता येईल. पनवेल परिसरातील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र व मराठी हे विभाग एकाच आवारात असतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून कोळीवाड्यांतील ज्येष्ठ स्त्री-पुरुषांच्या आठवणी, माशांची स्थानिक नावे, काटा लागल्यावर केले जाणारे उपाय व झालेले परिणाम यांचे संकलन करणे सहज शक्य आहे. विद्यार्थ्यांपैकी काही जण याच वस्त्यांतून येतात. त्यांच्या घरातील ज्ञान हे संशोधनाचे मूळ साधन आहे, ही जाणीव त्यांना होणे हेही शिक्षणाचेच कार्य होय.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पश्चिम किनाऱ्यावरील विषारी सागरी जीव प्राचीन नाविकांना, निसर्गशास्त्रज्ञांना आणि प्रयोगशाळेतील संशोधकांना परिचित होते. त्यांच्यामुळे जखमी होणारा श्रमिक मात्र दीर्घकाळ नोंदीबाहेर राहिला. वसाहतकालीन गणनेने जमिनीवरील सर्पदंश दृश्य केला, पण समुद्रावरील दंश अदृश्यच राहिला आणि त्याचा परिणाम औषधनिर्मितीवरही झाला. पिनांग आणि महाड येथे रुग्णाची नोंद झाली, तेथे उपचार बदलले व प्राण वाचले.

पेरिप्लसच्या लेखकाने चौलच्या मार्गावरील सर्पांचा रंग टिपून ठेवला, कारण त्याच्या जहाजाला किनारा गाठावयाचा होता. त्याच किनाऱ्यावर आज पहाटेच्या ओहोटीला चिखलात उतरणाऱ्या स्त्रीच्या पायाला काय टोचले, हे तितक्याच काळजीने टिपले जाणे आवश्यक आहे. त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. आरोग्य केंद्रातील नोंदवहीत एक ओळ वाढवावी लागते, आणि ती ओळ लिहिण्याइतका तिच्या जखमेला मान द्यावा लागतो.